तीन विटांची सॅक

समाधान ते वाक्य रागाच्या भरात बोलून गेला, आणि पुढचं सगळं त्या एका वाक्याने घडवलं.

रविवारची दुपार होती. फरीदाबादच्या एका अकरा मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर, घरातली चारही माणसं जेवायला बसली होती. समाधानची बावीस वर्षांची लेक श्रावस्ती आठवडाभर एकच धोशा लावून होती. एक तारखेला तिची गुडगावातली नोकरी सुरू होणार होती. त्याआधी चार दिवस तिला आणि तिच्या मैत्रिणीला, अक्षयाला, पहाडात जायचं होतं. गढवालातल्या एका गावापासून वर पायवाट जाते आणि त्या वाटेवर एकापाठोपाठ एक तीन तळी लागतात. पाठीवर सॅक, सॅकमध्ये आपलं अंथरूण आणि आपलं खाणं, रात्री तळ्याकाठी तंबू. असा तिचा बेत.

"दोघीच पोरी, जंगलात, तंबूत! बिल्कुल नाही," समाधान म्हणाला.

"दोघीच कुठे? गावातला गाइड आहे बरोबर. त्याची बायको पण येते कधी कधी."

"कधी कधी!"

"अक्षयाचे बाबा हिंगोलीत बसून हो म्हणतात, आणि तुम्ही दिल्लीच्या दारात बसून नाही म्हणता. सांगू कुणाला?"

समता, श्रावस्तीची आई, ताटाकडे बघत हसली. तिचं हसणं समाधानला लागलं. तो म्हणाला, "घरातलं मोठं माणूस बरोबर असेल तर जा. आजी जात असेल तर जा! चल, विचार आजीला."

आजी म्हणजे कमलाबाई, समाधानची आई. वय अडुसष्ट. त्यांनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला, तोंडात घातला, नीट चावून गिळला, आणि म्हणाल्या, "मी जाते."

 पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"आई, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो," समाधान म्हणाला.

"मग मी काय गाणं म्हटलं? विचारलंस, सांगितलं. कधी निघायचंय गं?"

"पुढच्या शुक्रवारी," श्रावस्ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि थोडी धडकीही होती. बेत हातात आला होता, पण आजीसकट.

समाधानने शब्द मागे घेतला नाही. दिलेला शब्द फिरवणाऱ्या माणसांना कमलाबाईंनी आयुष्यभर नावं ठेवली होती आणि तो त्यांच्याच हाताखाली वाढला होता. पण अजून बारा दिवस होते. बारा दिवसांत म्हातारीचा उत्साह उतरेल, असं त्याला मनातून वाटत होतं.

तिथेच त्याचा अंदाज चुकला. कमलाबाईंना का जायचं होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्या एकोणीस वर्षांच्या असताना पुसदजवळच्या गावातून नवऱ्याबरोबर दिल्लीत आल्या, त्या कामासाठी. गावी गेल्या त्या लग्नाला नाहीतर मयताला. नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या, पण ते जाणं वेगळं, तिथे गेल्याशिवाय राहवतच नाही. इंडिया गेट पाहिलं ते त्या बाजूच्या एका इमारतीवर काम होतं म्हणून. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका उंच इमारतीच्या नवव्या मजल्यापर्यंत त्यांनी डोक्यावरून विटा नेल्या होत्या. नवव्या मजल्यावरून कुठली झाडं दिसतात, कुठला घुमट दिसतो, हे बघायला मुकादमाने कधी उभं राहू दिलं नाही. नुसतं बघायला म्हणून कुठे जाणं ही गोष्टच त्यांच्या वाट्याला आली नव्हती. आणि आता भाकरी खाता खाता ती अशी ताटात येऊन पडली. रागातून का होईना, ते वाक्य समाधानच्या तोंडून निघालं, याबद्दल त्या दिवशी कमलाबाईंनी मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

संध्याकाळी त्या श्रावस्तीच्या खोलीत गेल्या.

"खरं सांग. मी यायला नको असेन तर आत्ताच सांग. मी पाय दुखतात म्हणेन, आणि तुझ्या बापाला दुसरा काही मार्ग काढायला लावेन."

श्रावस्ती जरा गडबडली. मग म्हणाली, "खरं सांगू? तू आलीस तर आम्हाला हळू चालावं लागेल. पण तू आली नाहीस तर चालताच येणार नाही."

"हे बरं बोललीस. आता तळी दाखव."

श्रावस्तीने फोनवर फोटो दाखवले. हिरवं पाणी, काठाला देवदार, आणि पाण्यात उलटा पडलेला बर्फाचा डोंगर. तळ्यांची नावं कमलाबाईंच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी त्यांना पहिलं, मधलं आणि वरचं अशी आपली नावं देऊन टाकली. पहिलं गावापासून तीन किलोमीटर. मधलं तिथून पाच. वरचं आणखी चढावर.

"आजी, तू पहिल्याशी थांबायचंस. गाइडची बायको राहील तुझ्यापाशी. आम्ही दुसऱ्या दिवशी वर जाऊन परत येऊ. चालेल?"

"पहिलं दिसलं तरी पुष्कळ झालं."

पण फोन परत देताना त्यांनी वरच्या तळ्याचा फोटो बोटाने पुन्हा एकदा मोठा करून पाहिला.

मंगळवारी समता त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, रक्तदाब मोजला, गुडघे वाकवून पाहिले. "माताजी, घुटने तो मेरे से अच्छे हैं," त्या म्हणाल्या. फक्त उजवा खांदा मागे वळत नव्हता. वर्षानुवर्षं डोक्यावरचं ओझं त्याच हाताने सावरलेलं. "वजन उठाने से पहले आदत डालिए. रोज़ सीढ़ियाँ चढ़िए." असं म्हणून त्यांनी कागदावर सही करून दिली. तो कागद कमलाबाईंनी घडी न घालता आणला आणि फ्रिजला चुंबकाने लावला. श्रावस्तीने सामानाची यादी लिहिली होती, तिच्याच शेजारी. कमलाबाईंना वाचायला नातीनेच शिकवलं होतं, साठी उलटल्यावर, त्यामुळे येता-जाता त्या ती यादी मोठ्याने वाचत आणि जमेल तिथे टोकत.

"पाकिटातल्या शेवया, आठ. आठ कशाला? सातूचं पीठ घ्या. पाणी ओतलं की जेवण तयार, ना गॅस ना भांडं."

"आजी, एका सॅकचं वजन नऊ किलोच्या वर जाता कामा नये. आपल्या वजनाचा पाचवा भाग."

"मग शेवया काढ."

शनिवारी अक्षया आपली भरलेली सॅक घेऊन आली. ही मुलगी करोलबागेजवळच्या एका खोलीत राहून सरकारी परीक्षांचा अभ्यास करत होती, आणि नकाशे तिला तोंडपाठ होते. सॅक मात्र तिने गोणी भरावी तशी भरली होती. तळाला पाण्याच्या बाटल्या आणि डबे, वर कपडे. ती पाठीवर घेऊन उभी राहिली तेव्हा मागच्या मागे कलंडली.

"उतरव," कमलाबाई म्हणाल्या. "जड ते पाठीला चिकटून पाहिजे आणि उंच पाहिजे. खाली लोंबलं की ते तुला ओढतं. वर असलं की ते तुझ्याबरोबर चालतं."

त्यांनी सॅक रिकामी केली आणि पुन्हा भरली. खाली अंथरूण, मध्ये पाठीलगत पाणी आणि पीठ, बाजूंना कपडे ठासून. मग एक जुनं लुगडं फाडून त्याच्या दोन छोट्या चुंबळी वळल्या आणि खांद्याच्या पट्ट्यांखाली बसवल्या.

"आजी, हे काय?" श्रावस्तीने विचारलं.

"चुंबळ."

"म्हणजे?"

"डोक्यावर ओझं घेताना खाली ठेवतात ती. अगं, एवढं पण ठाऊक नाही? तुझा बाप हिच्यावर डोकं टेकून झोपलाय."

अक्षया दोन पावलं चालली आणि हसायलाच लागली. "आजी, अर्धं वजन गेलं कुठे?"

"आता काट्यावर टांग. पण थांब." कमलाबाईंनी सॅक एका हाताने जराशी उचलून पाहिली. "साडेआठ."

हुकाचा काटा आठ किलो चारशे ग्रॅम दाखवत होता. दोन्ही पोरी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. कमलाबाई मात्र वरमल्या. शंभर ग्रॅम चुकले होते.

सरावाचा प्रश्न राहिला. त्यांची स्वतःची सॅक भरून ठेवली होती. ती रोज जिन्यावर नेली तर धुळीने मळणार, पट्ट्या सैल होणार. नऊ किलो वजन दुसरं कशाचं घ्यावं? त्यांना विचार करावा लागला नाही. एक वीट तीन किलो. तीन विटा म्हणजे नऊ.

सोसायटीच्या बागेची भिंत बांधायचं काम चाललं होतं. तिथे विटांचा ढीग होता. बुंदेलखंडाकडची एक बाई तिथे घमेली वाहत होती. कमलाबाई रविवारी सकाळी सहाला श्रावस्तीची कॉलेजची जुनी सॅक घेऊन तिच्यापाशी गेल्या, म्हणाल्या, "तीन ईंट दे, बहन. घंटे भर में वापस." बाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तीन विटा दिल्या. खांदा मागे वळत नाही हे बघून सॅक मागून धरून ती पाठीवरही चढवून दिली. कमलाबाई अकरा मजले चढल्या, उतरल्या, विटा परत ढिगावर ठेवल्या. बाई घमेलं भरून उभी होती. कमलाबाईंनी न सांगता घमेल्याला खालून हात लावला आणि तिच्या डोक्यावर दिलं.

ओझं वाहणाऱ्या बायकांत ही रीतच असते. डोक्यावरचं ओझं आपलं आपल्याला घेता येत नाही. वाहता कितीही येईल, पण उचलून द्यायला दुसरीचा हात लागतो. त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. तू माझं उचललंस, मी पुढचीचं उचलते, संपलं.

सोमवारी तसंच झालं. मंगळवारीही झालं, फक्त त्या दिवशी पाठीवरच्या विटा उतरवण्याआधीच त्यांनी घमेल्याला हात लावला. त्या तीन दिवसांत कमलाबाईंना कौशल्या फार आठवली. टीकमगढची कौशल्या, सात वर्षं त्यांच्याबरोबर कामावर होती. समाधान पोटात होता तेव्हा सातव्या महिन्यापासून कौशल्याच त्यांच्या डोक्यावर विटा रचायची. मुकादमाला समोरून दहा दिसाव्यात अशा रचायची आणि आत पोकळी ठेवायची. असायच्या सहाच. एक शब्द बोलायची नाही. पुढे एक इमारत संपली, ती आपल्या गावी गेली आणि पुन्हा भेटली नाही. एवढ्या मोठ्या उपकाराचं काही बोलायचं राहूनच गेलं, हे कमलाबाईंना आता, सातव्या मजल्यावर दम खाताना, रोज खुपत होतं.

मंगळवारी कुणीतरी गच्चीवरून फोटो काढला. दुपारपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर होता. कमलाबाई बागेच्या भिंतीपाशी उभ्या, पाठीला सॅक, सॅकच्या तोंडातून विटेचा कोपरा बाहेर, आणि दोन्ही हातांनी त्या मजूरबाईच्या डोक्यावर घमेलं चढवताहेत. खाली सोसायटीचे सेक्रेटरी भाटियाजी यांनी लिहिलं होतं, "बी टावर की माताजी रोज़ ईंटें ले जा रही हैं. परिवार वाले कृपया ध्यान दें."

समाधान कारखान्यात होता. तो त्या दिवशी दोन तास आधी घरी आला. बूट न काढताच आत आला.

"आई, हे काय आहे?"

कमलाबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. "चांगला आलाय की."

"आई! लोक विचारताहेत, तुमच्या घरात बांधकाम चाललंय का. कुणी विचारतंय, माताजींची तब्येत ठीक आहे ना. मी काय सांगू?"

"सांग, पहाडात जायचा सराव करते."

"विटांनी? सराव करायला साऱ्या जगात तुला विटाच मिळाल्या?"

"त्यांचं वजन मला ठाऊक आहे."

समाधान खुर्चीत बसला. त्याचा आवाज खाली आला, आणि खाली आलेला आवाज जास्त वाईट होता. "मी तुला भाजीची पिशवी उचलू देत नाही. अठ्ठावीस वर्षं झाली मला नोकरी लागून. पहिल्या पगाराच्या दिवशी मनाशी म्हटलं होतं, आईच्या डोक्यावर आता काही चढणार नाही. आणि तू आपण होऊन, सकाळी उठून, विटा..." त्याने खाली वाकून बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, "श्रावस्तीला जाऊ दे. मी अडवत नाही, गाइडशी मीच बोलतो. पण तू नाही जायचं. संपलं."

दारात श्रावस्ती उभी होती. "मग मी पण नाही जात."

"वेडी की काय," कमलाबाई म्हणाल्या. "तुझा रस्ता मोकळा झाला ना? जा तू."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिजवरचा डॉक्टरीणबाईंचा कागद काढावा म्हणून त्यांनी हात वर नेला. समता भात लावत होती. ती मागे न बघता म्हणाली, "आई, तो राहू द्या तिथे. मी काढू देणार नाही." कमलाबाईंनी हात खाली घेतला.

बुधवारी सकाळी त्या जिन्याकडे गेल्या नाहीत. बुद्धवंदना झाली, चहा झाला, तशा त्या खाली उतरल्या आणि सरळ भाटियाजींच्या दाराची घंटी वाजवली. भाटियाजी पेपर हातात घेऊन बाहेर आले.

"मैंने चोरी नहीं की," कमलाबाई म्हणाल्या. "तीन ईंट ले जाती थी, तीनों वापस रखती थी. गिन लो."

"अरे माताजी, चोरी किसने कहा?"

"आपने लिखा, ध्यान दें. तो ध्यान दो. मैंने इक्कीस साल इसी दिल्ली में ईंट ढोई है. मेरा बेटा उसी ईंट पर पढ़ा है. अब मैं पहाड़ जा रही थी, तालाब देखने. उसकी तैयारी थी."

भाटियाजी चष्मा काढून पुसायला लागले. "बैठिए ना माताजी, चाय पीजिए." मग चहा येईपर्यंत त्यांनी विचारलं, कुठल्या कुठल्या इमारती? कमलाबाईंनी पाच-सहा सांगितल्या. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या इमारतीचं नाव आणि नववा मजला ऐकताच भाटियाजी उठून उभेच राहिले. "नौवाँ फ़्लोर? मैंने वहाँ छब्बीस साल नौकरी की है!"

"अच्छा?" कमलाबाई पुढे सरकल्या. "तो बताओ, खिड़की से क्या दिखता है?"

भाटियाजींनी सांगितलं. उन्हाळ्यात पिवळ्याधमक फुलांनी लगडलेली अमलतासची झाडं, पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असली की थेट इंडिया गेट, आणि संध्याकाळी त्यामागे दिवे. कमलाबाई एकेक गोष्ट मान हलवत ऐकत होत्या. चाळीस वर्षांपूर्वी राहून गेलेलं बघणं कुणीतरी घरी आणून दिल्यासारखं त्यांना झालं. उठताना त्यांनी हात जोडले. भाटियाजींनीही जोडले, आणि त्यांचे हात बराच वेळ तसेच होते.

दुपारी ग्रुपवर भाटियाजींचा नवा मजकूर आला. "माताजी ट्रेकिंग की प्रैक्टिस कर रही हैं. हमारी सोसाइटी की शान हैं." त्याखाली हात जोडलेले आणि टाळ्या वाजवणारे पन्नासेक हात. समाधानने तो कारखान्यात वाचला. पण त्याचा नकार कायम होता. श्रावस्तीने तिकिटं रद्द केली नव्हती, पण तसं सांगायचं धाडस तिला झालं नाही.

गुरुवार उजाडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस होती. कमलाबाई पाच वाजताच उठल्या. आज त्यांनी जुनी सॅक घेतली नाही. कपाटापाशी ठेवलेली, भरलेली, स्वतःची सॅक घेतली. जायला मिळो न मिळो, एकदा ती पाठीवर घेऊन अकरा मजले चढायचे, मग सामान काढून जागच्या जागी ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. लिफ्टने त्या तळमजल्यावर आल्या, जिन्याच्या पहिल्या पायरीवर सॅक ठेवली आणि पट्ट्यांत हात घालायला बसल्या. डावा हात गेला. उजवा मागे वळेना. पुन्हा करून पाहिलं. भिंतीचं काम कालच संपलं होतं, आणि ती बाई दुसऱ्या साइटवर गेली होती.

जिन्यावर पावलं वाजली. समाधान उतरत होता, बनियनवर स्वेटर घालून, केस विस्कटलेले. तो तीन पायऱ्या वर थांबला.

"झोप लागली नाही?" कमलाबाईंनी विचारलं.

"दाराचा आवाज आला." तो सॅककडे बघत होता. "यात विटा नाहीत?"

"नाहीत."

"मग काय आहे?"

"स्वेटर आहे. दोन लुगडी, टोपी, मोजे. पाणी. सातूचं पीठ, जवसाची चटणी. औषधाच्या गोळ्या." त्यांनी सॅकवर हात ठेवला. "समाधान, मी एकवीस वर्षं ओझी वाहिली. त्यातलं माझं एकही नव्हतं रे. कुणाची भिंत, कुणाचं छप्पर. हे पहिलंच ओझं असं आहे, की उघडलं तर आत सगळं माझं निघेल."

समाधान पायरीवर बसला. खाली बघत म्हणाला, "मला वाटलं होतं, तुझ्या डोक्यावरचं सगळं मी उतरवलं."

"उतरवलंस ना. तू उतरवलंस म्हणून तर आज माझी पाठ रिकामी आहे. नाहीतर मला हे सुचलं असतं का?"

बाहेर दूधवाल्याची मोटारसायकल येऊन थांबली, गेली. समाधान म्हणाला, "तुझ्याबरोबर विटा वाहायची ती कौशल्या मावशी. मला आठवते ती. वाळूच्या ढिगापाशी माझ्या पायाला दोरी बांधायची."

"बांधायचे मी. ती येता-जाता सोडायची. म्हणायची, छोरा है, बकरी नहीं."

समाधान हसला. हसता हसता त्याने डोळे बाहीने पुसले आणि उठून पुढे आला. सॅकचा पट्टा धरला आणि आपल्या खांद्यावर टाकायला लागला.

"दे, मी नेतो. तू नुसती चढ."

"नको. घेऊ नकोस. नुसता हात लाव."

"म्हणजे कसं?"

इमारतीच्या इमारती जिच्या डोक्यावरून गेल्या, तिच्या मुलाला ओझ्याला हात कसा लावतात हे ठाऊक नव्हतं. आणि याचंही कमलाबाईंना बरंच वाटलं. पोराला ते कधी शिकावं लागलं नाही.

"खालून धर. दोन्ही हातांनी. मी उठते तसा तू उचल, माझ्या आधी नाही आणि नंतरही नाही. पट्टा या हातात सरकव. हं. बसली?"

"बसली."

"मग आता सोड."

समाधानने सोडलं नाही. दोन्ही हातांवर सॅकचं वजन तसंच तोलून तो उभा राहिला.

"अरे, सोड ना. उचलून दिलं की सोडायचं असतं. धरून ठेवलंस तर चालू कशी?"

त्याने एकेक करून हात काढले. कमलाबाई जराशा पुढे झुकल्या, वजन पाठीला चिकटलं, आणि त्या पहिली पायरी चढल्या. मग दुसरी. समाधान मागे दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून चालत होता. तिसऱ्या मजल्यावर त्यालाच धाप लागली.

"थांबायचं का?" त्याने विचारलं.

"तू थांब हवं तर."

चौथ्या मजल्यावर त्यांच्या दारात समता आणि श्रावस्ती उभ्या होत्या.  श्रावस्ती चपला सरकवून मागे आली. सातव्या मजल्यावर कमलाबाई नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावून थांबल्या, सॅक न उतरवता, वजन भिंतीवर टेकवून. तीस श्वास मोजले आणि पुन्हा निघाल्या.

गच्चीचं दार उघडलं तेव्हा उजाडलं होतं. ऑक्टोबर अखेरचं धुरकट आभाळ. समोर कारखान्यांच्या चिमण्या, त्यापलीकडे नुसता राखाडी पडदा. पहाड कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा कळत नव्हतं. श्रावस्तीने हात करून दाखवलं, "तिकडे."

कमलाबाई तिकडे बघत उभ्या राहिल्या. इथे मुकादम नव्हता. हवा तेवढा वेळ उभं राहता येत होतं. मनातल्या मनात त्यांनी एकेकाचं नाव घेतलं. गुडघे. डॉक्टरीणबाई. बुंदेलखंडाची ती बाई, जिचं नाव विचारायचं राहिलं. भाटियाजी. कौशल्या. आणि हा, मागे धापा टाकत उभा असलेला.

"पप्पा," श्रावस्ती हळूच म्हणाली, "आजीचं तिकीट मी रद्द केलेलं नाही."

"माहीत आहे. तुझ्या आईने काल रात्रीच सांगितलं." समाधानने अंगातला स्वेटर काढला, लोकरीचा, जाड. "आई, हा पण ने. वर थंडी असेल."

कमलाबाईंनी तो हातात घेऊन तोलला. "सातशे ग्रॅम. सॅक भरली आहे."

"मग चटणी काढ."

"चटणी नाही निघायची. अंगावरच घालते." आणि सॅकवरूनच त्यांनी तो गळ्याभोवती गुंडाळला. "श्रावस्ती, ते मधलं तळं पहिल्यापासून किती म्हणालीस?"

"पाच किलोमीटर. पण आजी, आपलं ठरलंय ना, तू पहिल्याशी थांबायचंस?"

"ठरलंय. मी नुसतं विचारते."

समाधानने लेकीकडे पाहिलं. मग तो आईच्या मागे गेला आणि एका बाजूला सरकलेली सॅक खालून हात लावून सरळ केली. आणि या वेळी न सांगता हात काढून घेतले.